जुनी गाडी घेताय? आधी मिस्त्री, मग बयाणा



आपल्या तिरोड्याच्या वर्गाला येणाऱ्या दहा जणांपैकी तीन-चार जण तरी कधी ना कधी मला बाजूला घेऊन विचारतात, "सर, धंदा वाढला, आता गाडी लागते. नवी झेपत नाही. एक जुना छोटा हत्ती पाहून ठेवला आहे. घेऊ का?"

मी विचारतो, "मिस्त्रीने पाहिला का?"

उत्तर जवळपास ठरलेलं. "मालक ओळखीचा आहे सर. आणि गाडी एकदम चकाचक आहे, नुकताच पेंट मारला आहे."

मला त्या नुकत्याच मारलेल्या पेंटचीच भीती वाटते.

मी स्वतः किराणा आणि जनरलचं दुकान चालवतो. गोंदियाहून माल आणायचा म्हणजे तीसेक किलोमीटर, आणि खेड्यातल्या दुकानांना पोहोचवायचा तो वेगळाच. त्यामुळे गाडी म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मशीन बंद पडली तर दुकानात बसून विकता येतं. गाडी बंद पडली की पाण्याच्या जारवाला, अंडीवाला, ब्रेडवाला, मंडप-डेकोरेशनवाला, सगळ्यांचा धंदा त्याच दिवशी थांबतो. दोन दिवस माल पोहोचला नाही की गिऱ्हाईक दुसऱ्याचा माल लावून मोकळं. हप्ता मात्र थांबत नाही. गाडी रस्त्यावर असो की गॅरेजमध्ये उभी, बँकेला काय फरक पडतो?

टाटाने एस ही गाडी 2005 मध्ये आणली. दोन सिलिंडरचं 702 सीसी डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल. लोकांनी तिचं नाव छोटा हत्ती ठेवलं आणि ते इतकं बसलं की आज कोणत्याही कंपनीची तशी गाडी दिसली तरी आपण छोटा हत्तीच म्हणतो. आज बाजारात हाताला हात लागून फिरणाऱ्या यातल्या कित्येक गाड्यांनी तीन-तीन मालक पाहिले आहेत. म्हणून आजचा लेख तिच्यावर. मारुती ईको किंवा बोलेरो पिकअप घेणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

बीबीएला असताना जॉर्ज अकर्लोफ हे नाव अभ्यासाला होतं. या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तिकडे खराब निघालेल्या गाडीला लोक लिंबू म्हणतात. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडीत काय खराबी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा धोका धरून सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात लिंबंच उरतात. या विचाराला 2001 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परीक्षेपुरतं ते पाठ केलं होतं. दुकान टाकल्यावर कळलं की हा माणूस आपल्याच इकडच्या गाडीबाजाराबद्दल बोलत होता. विकणाऱ्याला जे माहीत आहे त्यातलं निम्मं तरी आपल्याला कळवणारा एकच माणूस असतो. तो म्हणजे आपला मिस्त्री.

ज्याला लोक तपासणी समजतात

तीन गोष्टी दाखवून विकणारा तुम्हाला गप्प करतो.

पहिली म्हणजे "पासिंग झालेली आहे." मालवाहू गाडीला फिटनेस लागतोच. गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पण आरटीओच्या पासिंगमध्ये गाडी रस्त्यावर सुरक्षित चालते का, ते पाहतात. ब्रेक, लाइट, स्टिअरिंग, धूर वगैरे. इंजिन अजून 50 हजार किलोमीटर काढेल की पुढच्या महिन्यात बोरला येईल, हे पाहणं त्यांचं कामच नाही. बरं, पासिंग झाली त्या दिवशी गाडीला जे टायर होते तेच आज आहेत का, तेही एकदा विचारा.

दुसरी म्हणजे "फायनान्सवाल्याने व्हॅल्युएशन केलं आहे." केलं असेल, पण कोणासाठी? तुम्ही हप्ते थकवले आणि गाडी ओढून आणावी लागली तर विकून किती सुटतील, एवढंच त्याला काढायचं असतं. तुमच्या क्लचप्लेटशी त्याचं देणंघेणं नाही. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत. चार बाजूंचे फोटो, चेसिस नंबरचा फोटो, मीटरचा फोटो आणि खाली एक रक्कम. सीटखाली हात घातलेला नसतो.

तिसरी म्हणजे "आमच्या मिस्त्रीने ओके केली आहे." यावर हसून पुढे जा.

मिस्त्री कोणाचा, हे आधी ठरवा

जो मिस्त्री ती गाडी नेहमी दुरुस्त करतो तो नको. त्याला गाडीची सगळी कुंडली माहीत असते हे खरं, पण त्याचं जुनं गिऱ्हाईक समोर उभं असतं. तो तुमच्यासाठी ते तोडणार नाही, आणि त्याने का तोडावं? ज्याला सौद्यात दलाली मिळणार आहे तो तर अजिबात नको. आपल्याकडे गॅरेजवाला आणि दलाल हे पुष्कळदा एकच असतात. त्यात गैर काही नाही, तोही धंदा आहे. फक्त त्या दिवशी तो तुमचा माणूस नसतो.

म्हणून मी सांगतो, मिस्त्रीला आधीच फी द्या. आठशे, हजार, पंधराशे, जे ठरेल ते. आणि स्पष्ट सांगा, "भाऊ, सौदा झाला तरी एवढेच, नाही झाला तरी एवढेच." या एका वाक्याने त्याचं तोंड मोकळं होतं. "सौदा झाला तर तुमचंही पाहू" असं म्हणालात, तर सौदा व्हावा असं त्यालाही वाटू लागतं. मग क्लच 'थोडासा' घसरतो आणि धूर 'नॉर्मल' होतो.

मारुतीच्या कारवर हात बसलेला मिस्त्री डिझेल टेम्पोला नेऊ नका. त्याच जातीची गाडी रोज खोलणारा पाहा. तिरोड्यात नसेल मिळत तर गोंदियाहून आणा, त्याचा जाण्यायेण्याचा खर्चही द्या. दोन लाखांच्या सौद्यात तो खर्च म्हणजे चहापाणी.

विकणारा मिस्त्रीला गाडी दाखवायला नाही म्हणत असेल, तर तुमची तपासणी तिथेच पूर्ण झाली. परत या.

पाहायला जाल तेव्हा

सकाळी जा, आणि गाडी सुरू करून ठेवू नका असं आदल्या दिवशी सांगा. छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली असतं. पोहोचल्याबरोबर मिस्त्रीला तिथे हात लावून पाहू द्या. गरम लागलं तर समजा, तुम्ही येण्याआधी कोणीतरी गाडी सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलतं की घरघर करत बसतं, यात अर्धं उत्तर मिळतं.

मग धूर. जुनं डिझेल इंजिन सुरू होताना थोडा काळा धूर टाकतं, त्याला घाबरू नका. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतं आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम जवळ आलं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅसकेटची शंका घ्यायची. मिस्त्री चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून पाहील. तिथून भकाभका वाफ-धूर येत असेल तर गॅस पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आहे. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम इंजिनवर ते उघडून लोकांचे हात भाजले आहेत. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलमध्ये दुधी फेस दिसला, तर पाणी आणि ऑइल एकमेकांत गेलं आहे.

हे सगळं मिस्त्री करेल. पण तुम्ही दुकानात बसून फोनवर "काय म्हणता जी, कशी आहे?" विचारू नका. शेजारी उभे राहा. त्याने काय पाहिलं आणि का पाहिलं, ते विचारत राहा. पुढची पाच वर्षं ही गाडी तुम्हाला चालवायची आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीच्या खाली जा. कपडे खराब होतील, होऊ द्या. केबिनच्या मागे, जिथे डाला सुरू होतो त्या जागी चेसिसला वेल्डिंग आहे का? वरून पट्टी ठोकली आहे का? कमानपाटे जिथे अडकतात तिथे तडा आहे का? बाकी चेसिस मातीने माखलेली आणि एक हातभर जागाच कुळकुळीत काळी रंगवलेली दिसली, तर मिस्त्रीला तिथे खरवडायला सांगा. कमानीतले पाटेही मोजा. कंपनीने दिले त्यापेक्षा पाटा जास्त असेल तर तो कोणीतरी हौसेने टाकलेला नाही. पाऊण टनाच्या गाडीवर दीड टन विटा, रेती नाहीतर धान वाहिलं आहे, हे तो पाटा सांगतो. आपल्या भागात धान आणि तांदळाचा हंगाम आला की गाड्यांवर कसे कट्टे चढतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून गाडी किती किलोमीटर चालली हे विचारण्याआधी ती काय वाहत होती, ते विचारा. 90 हजार किलोमीटर ब्रेड वाहिलेली गाडी 40 हजार किलोमीटर मुरूम वाहिलेल्या गाडीपेक्षा मी कधीही आधी घेईन.

तसंही मीटरवर माझा फारसा विश्वास नाही. मीटर मागे करता येतं, क्लच-ब्रेकच्या पायडलचं रबर नवं करून कोणी आणत नाही. आणलंच तर तेही दिसतं. टायरच्या कडेला चार आकड्यांचा कोड असतो. 2321 म्हणजे 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. टायर एकाच कडेने खाल्लेला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, नाहीतर कधीतरी ॲक्सलला मार बसला आहे.

पुराचंही पाहा. आपण वैनगंगेच्या काठचे लोक. 2020 च्या ऑगस्टअखेरीस गोंदिया-भंडाऱ्यात पाणी कुठे कुठे शिरलं होतं, ते आठवतं ना? पाण्यात बसलेली गाडी धुऊन-रंगवून उभी करता येते. पण सीटच्या रुळांवरचा गंज, मॅटखालचा बारीक गाळ, फ्यूजच्या डब्यातली हिरवट बुरशी आणि तो कुबट वास सहसा जात नाही.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. रिकामी गाडी कोणतीही पळते. 25 किलोचे वीस कट्टे टाका, म्हणजे 500 किलो झाले, आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर न्या. इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतो आहे. मागून घोंघावल्यासारखा आवाज येत असेल तर डिफरन्शियलकडे पाहायला सांगा. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते का? परत आल्यावर खाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि चहा घ्या. अर्ध्या तासात कागदावर किती ठिपके पडले ते पाहा.

सौदा कसा बदलतो

आपल्या वर्गातला एक मुलगा, पाण्याचे जार पोहोचवतो. त्याने दोन गाड्या पाहिल्या. पहिली देखणी होती, नवा पेंट, नवे सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, मागितले 2,05,000. मिस्त्री खाली गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. चेसिसला केबिनच्या मागे दोन्ही बाजूंनी पट्ट्या होत्या. तो म्हणाला, "इंजिन बनवता येते भाऊ, चेसिस बनवता येत नाही." विषय संपला.

दुसरी गाडी दिसायला गरीब होती. मागितले 2,20,000. चेसिस कोरी, पाटे कंपनीचे, पण इंजिन ऑइल खात होतं. मिस्त्रीने कागदावर लिहून दिलं: इंजिनचं काम 38,000, क्लच 6,500, मागचे दोन टायर 7,000, बॅटरी 4,500. एकूण 56,000. मुलाने तो कागद मालकासमोर ठेवला. "महाग आहे, कमी करा" असं एकदाही म्हणाला नाही, फक्त एकेक ओळ वाचली. सौदा 1,72,000 ला झाला. म्हणजे कामासकट गाडी 2,28,000 ला पडली. न तपासता घेतली असती तर तीच गाडी 2,76,000 ला पडली असती, आणि वर ऐन उन्हाळ्यात, जारच्या सीझनमध्ये, इंजिन खोलून बसावं लागलं असतं. मिस्त्रीची फी दोन्ही गाड्यांची मिळून 2,000.

यात माझ्या दृष्टीने 48 हजारांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याला खर्च आधी कळला. त्याने कर्ज काढताना दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवले. आपले बरेच नवे उद्योजक सगळं भांडवल गाडीच्या किमतीत घालतात आणि पहिल्या दुरुस्तीला सोनं गहाण ठेवतात. तुमच्याकडे दोन लाख असतील तर दोन लाखांची गाडी पाहायची नाही. दीड-पावणेदोनची पाहायची.

कागदांचं मिस्त्रीला विचारू नका

ते तुमचं काम. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि टॅक्सची तारीख दिसते. फायनान्सचा बोजा आहे का, तेही कळतं. ई-चलान वेगळं तपासा. बोजा दिसत असेल तर "हप्ते संपले आहेत" या शब्दावर जाऊ नका. फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 हातात पाहिजे.

आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशीच सौदा करा. आपल्याकडे कोऱ्या फॉर्म 29-30 वर सही घेऊन गाडी तीन हात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात सांगितलं आहे की अपघाताची भरपाई द्यायची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. त्याला ती नसेल तर का नाही, हे विचारा. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करायला 14 दिवस धरा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

आपण सीमेवरचे लोक, म्हणून हे जास्त नीट वाचा. एमएच 35 ची गाडी असेल तर काम गोंदियातच होतं. बालाघाटची एमपी 50 किंवा राजनांदगावची सीजी 08 गाडी वीस-तीस हजारांनी स्वस्त दिसते. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी, इथला टॅक्स आणि तुमच्या फेऱ्या धरल्या की तो स्वस्तपणा कुठे जातो, ते आधी कागदावर मांडा.

पांढऱ्या पाटीची ईको घेऊन तिच्यात धंद्याचा माल भरू नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या पाटीची मालवाहू घ्या. एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणजे छोट्या हत्तीला नाही. फिटनेस मात्र लागतो. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र पाहायला मागा, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते लागतं.

बयाणा द्यायचा तो मिस्त्री आणि कागद दोन्ही झाल्यावर. आधी दिलेला बयाणा म्हणजे स्वतःच्याच पायात घातलेली बेडी. गाडी आवडली नाही तरी "पाच हजार बुडतील" म्हणून लोक दोन लाखांची चूक करतात. द्यायचाच झाला तर ऑनलाइन द्या आणि "बोजा निघाला किंवा कागद अपुरे निघाले तर परत" असं लिहून घ्या.

ताबा घ्याल त्या दिवशी दोन प्रती करा. त्यावर गाडी नंबर, चेसिस नंबर, मीटरचं रीडिंग, दोघांच्या सह्या आणि तारखेबरोबर वेळही लिहा. दुपारी 4 वाजता गाडी घेतली आणि चलान सकाळी 11 चं निघालं, तर वेळ लिहिलेली असल्यावर वाद होत नाही. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. तिथून गाडी घरी न नेता सरळ त्याच मिस्त्रीकडे न्या. ऑइल, सगळे फिल्टर आणि बेल्ट बदलून घ्या, आणि कोणत्या किलोमीटरला बदलले ते दाराच्या आत स्टिकरवर लिहा. हार घालणं, नारळ फोडणं त्यानंतर.